ॲम्पवरची टिकली

९ ऑगस्ट, तुमसर

बातम्यांच्या वहीत लिहिलेलं सिद्ध करावं लागतं, म्हणून ही दुसरी वही. हिच्यात संशय लिहीन.

पहिला संशय असा, की माझा आवाज कोणीतरी कमी करत आहे.

आवाज म्हणजे बास गिटारचा. संस्कृतात एम.ए. केलेला, तालुक्याचा वार्ताहर म्हणून केस पिकवलेला माणूस पंचेचाळिशीनंतर बास गिटार का शिकतो, असं लोक माझ्या बायकोला विचारतात. नीतूचं उत्तर ठरलेलं : "बाकी सगळं वाटून झालं होतं, हेच उरलं होतं." दुर्दैवाने ते खरं आहे. भोजराजने राइस मिलच्या मागच्या गोदामात 'बावनथडी म्युझिकल ग्रुप' काढला तेव्हा तो स्वतः ऑक्टोपॅडवर बसला, धान्याच्या व्यापारातला कुलदीप कीबोर्डवर उभा राहिला, आणि गायला तर अर्धं तुमसर तयार होतं. बासपाशी कोणी जाईना. मी गेलो.

लोकांना बास ऐकू येत नाही, हे आम्हा बासवाल्यांचं जन्माचं दुःख. कार्यक्रम संपला की माणसं जवळ येतात, गळ्यातलं वाद्य न्याहाळतात आणि विचारतात, "चारच तारा? दोन तुटल्या का जी?" बास हा गाण्यातला अनुस्वार आहे. असतो तेव्हा कोणी पाहत नाही, नसला की शब्द लंगडतो. पण अनुस्वारासाठी टाळ्या कोण वाजवणार?

आज तालमीत मात्र मलाही तो ऐकू येईना. बोटं चालली होती, तार थरथरत होती, आणि आवाज असा, की कोणीतरी धानाच्या पोत्यात तोंड खुपसून बोलतंय.

नवरात्रात चिखल्याच्या खाण कॉलनीत शारदोत्सवाचा कार्यक्रम आहे. तिथे जमलं तर हिवाळाभर आसपासची गावं बोलावतील, असं भोजराज म्हणतो. आणि कुलदीपने नवा कीबोर्ड घेतला आहे. डाव्या हाताने त्याच्यावर बास निघते, उजव्या हाताने बाकी सगळं. म्हणजे मी घरी.

हे त्याने मला दाखवलं नाही. मी पाहिलं.

१४ ऑगस्ट

माझा ॲम्प, म्हणजे ज्यातून गिटारचा आवाज निघतो तो ठोकळा, गोदामातच राहतो. परवा निघताना त्याचं बटण सातवर होतं. आज चारवर.

"कोणी हात लावला?"

"कायले जी?" भोजराज म्हणाला.

"बटणाला."

भोजराजने कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपने छताकडे. त्या छतावर पाहण्यासारखं काहीही नाही.

"उंदीर असन, भाऊ," कुलदीप म्हणाला.

सातावरून चारावर आणणारा उंदीर. मोजून.

घरी येऊन शहानिशा केली. ॲम्पशिवाय बास नुसती कुजबुजते, पण आमच्या लोकांची एक युक्ती आहे : गिटारच्या धडाच्या वरच्या टोकाला, म्हणजे शिंगाला, जबडा टेकवायचा. आवाज हाडातून थेट डोक्यात उतरतो. तसं केलं, आणि काय सांगू! चारही तारा भरदार, गोल, पहिल्या दिवशी ऐकल्या होत्या तशाच.

म्हणजे गिटार निर्दोष. तारा निर्दोष. न्यायशास्त्रात याला परिशेष म्हणतात : एकेकाला वगळत जावं, उरेल तो चोर. उरतं ते गोदाम.

१८ ऑगस्ट

विदर्भातल्या हौशी बासवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. त्यात दोन वाद अखंड चालतात. बोटांनी वाजवावं की प्लास्टिकच्या पट्टीने, हा पहिला. दुसरा तारांचा. जुन्या तारा पाण्यात उकळल्या की पुन्हा तरुण होतात असं मानणारा एक पंथ आहे, आणि त्या पंथाला पाखंडी ठरवणारा दुसरा. मी पहिल्या पंथाचा. गेल्या महिन्यात नीतूच्या वरणाच्या गंजात तारा उकळल्या होत्या. नीतू दुसऱ्या पंथाची निघाली.

आज गटावर विचारलं, "आपला आवाज आपल्यालाच कमी ऐकू येतो, असं कोणाला होतं का?"

सगळ्यांना होतं. झाडून सगळ्यांना. जिवाला बरं वाटलं.

गोंदियाच्या धनीरामने तर सविस्तर बोलून पाठवलं : "भाऊ, मी इतके वर्स वाजवून राहिलो, मलेच मी अजून आयकू आलो नाई. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर नजर ठेवा. आन् साउंडवाल्यावर दोन्ही डोये."

आमचा साउंडवाला मिथुन. स्पीकरचे मोठे डबे, मिक्सर, वायरी सगळं त्याचं. गरीब चेहऱ्याचा माणूस आहे. अशांचाच संशय घ्यावा.

२३ ऑगस्ट

नीतूच्या पाकिटातली एक लाल टिकली घेतली. तालीम संपल्यावर सगळ्यांची पाठ वळल्याचं पाहून बटण सातवर आणलं आणि खूण म्हणून टिकली बटण आणि पत्रा यांच्या सांध्यावर अशी चिकटवली, की बटण हललं तर ती फाटेल किंवा सुटेल.

सोमवारी कळेल.

२५ ऑगस्ट

टिकली जागच्या जागी. अखंड. बटण सातवर.

आवाज मात्र पोत्यातलाच.

याचा एकच अर्थ होतो : चोराने टिकली अलगद काढली, आतून काहीतरी केलं, आणि टिकली पुन्हा तशीच लावली. एवढा कुशल माणूस तुमसरात वाया चालला आहे.

आणखी एक नोंद. कुलदीपच्या दोन्ही कानांत कापूस. विचारलं तर म्हणाला, "सर्दी होऊन राहिली, भाऊ." नंतर पाहतो तर भोजराजच्याही कानांत कापूस. दोघांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, कानातच सर्दी. माझी बास ऐकायची नाही तर तसं सांगा ना. हा उघड अपमान मी रीतसर नोंदवून ठेवतो.

५ सप्टेंबर

नीतूही त्यांच्यात असावी.

आज सायकल टेकवून घरात शिरलो तर ती फोनवर. मला पाहताच, "ठेवतो मंग, कुलदीप," म्हणून फोन बंद.

"काय म्हणत होता?"

तिने काहीतरी सांगितलं. अलीकडे ती ओठांतल्या ओठांत बोलते. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायका स्पष्ट उच्चार सोडून देतात. "जरा मोकळ्या तोंडाने बोल," म्हटलं तर उलट माझ्यावरच : "अजी, तुमीच कुजबुजून राहिले! आपल्याच घरी चोरावानी!"

माझा आवाज मला तर खणखणीत ऐकू येतो.

याउलट आज राइस मिलमध्ये धानाच्या भावाची बातमी घ्यायला गेलो होतो. हलर सुरू, पट्टे फिरताहेत, माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडताहेत, आणि मला प्रत्येकाचं बोलणं शब्दन् शब्द कळत होतं. मालक म्हणाला, "पत्रकार साहेब, तुमचे कान लगित तेज हायेत." मी म्हटलं, धंदाच तसा आहे.

यातून निष्कर्ष निघतो. परकी माणसं माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. आपली माणसं लपवून.

११ सप्टेंबर

ॲम्प घरी आणला. डोळ्यांसमोर राहील.

त्यातून घरघर येते. बारीक, अखंड, खालच्या सुरातली. अर्थिंग खराब असेल म्हणून पिन उलटी लावून पाहिली. घरघर आहेच. मग बटण बंद केलं. घरघर. पिन काढून हातात घेतली. घरघर.

बंद ॲम्पमधून आवाज येणं पदार्थविज्ञानाला मंजूर नाही. म्हणून बाहेर गेलो. कोपऱ्यावर विजेची डीपी आहे. तिच्याखाली उभा राहिलो. घरघर! सापडली. योगी लोक ज्याला अनाहत नाद म्हणतात, कशावर काही न आपटता उमटणारा, तो ऐकायला त्यांना आयुष्यभर बसावं लागतं. आमच्या वॉर्डात तो खांबावर लावून दिला आहे.

रात्रीच्या जेवणाआधी बातमी पाठवली : 'डीपीच्या गूढ घरघरीने नागरिक त्रस्त'. नागरिक म्हणजे मी. बातमीत बहुवचन चालतं.

१६ सप्टेंबर

बातमी छापून आली आणि लाइनमन आला. खांबाखाली बराच वेळ मान वर करून उभा होता.

"साहेब, मले त काईच आयकू नाई येत."

"आत्ता येतोय की आवाज!"

त्याने शेजारच्या गुणाबाईंना विचारलं. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "नाई बापा. पयले येत होता वाटते, पेपरात आलं त बंद झाला."

लाइनमनने मला नमस्कार केला आणि फार सांभाळून केला. नीतू दारातून पाहत होती. ती हसली नाही. तिने हसायला हवं होतं. तिच्या न हसण्याचाच मला जास्त संशय आला.

२१ सप्टेंबर

शेवटी मुखवटे गळाले. तालीम संपल्यावर भोजराज माझ्याजवळ आला, तोंडासमोर तोंड आणून मोठ्याने, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "भाऊ, चिखल्याले जरा आराम करता का? कुलदीप डाव्या हातानं काढून घेते."

"ही बुद्धी कोणाची?"

"सगळ्यायची." मग थांबून, "वैनीची बी."

घरी येऊन नीतूला जाब विचारला. तिने पोळ्या लाटायचं थांबवलं.

"एकडाव भंडाऱ्याले जाऊ जी. कान दाखवून येऊ."

"कान त्यांचे दाखवा. कापूस घालून तालमीला बसतात ते."

"त्यायनं कापूस काहून घातला, हे इचारलं का तुमी?"

तिने पुढचं काय सांगितलं ते पोळपाटाकडे पाहून सांगितलं, त्यामुळे कळलं नाही. मुद्दामच तिकडे पाहून बोलली असेल.

चिखल्याला मी जाणार. वाजवणार. आणि मिथुनचा मिक्सर स्वतः उघडून पाहणार.

२७ सप्टेंबर, सकाळ

आज चिखला. नीतू म्हणते, मीही येते. इतक्या वर्षांत ती आमच्या एकाही कार्यक्रमाला आलेली नाही.

आजच का?

२८ सप्टेंबर

काल जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो. मला क्रमाशिवाय काही सुचत नाही.

दुपारी पोचलो. मंडप तयार होता, देवी बसलेली, समोर दोन बायका रांगोळी घालत होत्या. मिथुनने दोन्ही बाजूंना डबे रचले होते. सगळे मंडपामागे चहाला गेले. मी गेलो नाही.

मिक्सरवर प्रत्येकाच्या नावाची चिकटपट्टी होती. माझं नाव शेवटी. त्याखालची आवाजाची सरकपट्टी जवळजवळ तळाला! इतक्या वर्षांच्या वार्ताहरकीत इतका स्वच्छ पुरावा मला कधी मिळाला नव्हता. मोबाइलवर फोटो काढला.

मग गिटार गळ्यात अडकवून, लांब वायर ओढत मिक्सरपाशी आलो, पट्टी अर्ध्यावर सरकवली आणि सगळ्यात जाड तार छेडली. नदीपलीकडे म्हैस हंबरावी, इतकंच. पट्टी आणखी वर. पुन्हा छेडली. म्हैस थोडी अलीकडे आली. पट्टी पार वर लावली आणि दाबून छेडत राहिलो, कारण आता राग आला होता.

तेव्हा मंडप दिसला.

मंडपाचं कापड फडफडत होतं; वारा नव्हता. देवीच्या मुकुटाची झिरमिळी थरथरत होती. रांगोळी घालणाऱ्या बायका कानांवर हात दाबून उभ्या होत्या आणि त्यांच्या वाटीतली पांढरी पूड आपोआप उडत होती. क्वार्टरांची दारं उघडली. अर्ध्या गालाला साबण लावलेला एक माणूस बाहेर आला. पार्वताबाई म्हणून एक म्हातारी काठी टेकत रस्त्यावर आली आणि जमिनीकडे पाहून काहीतरी ओरडली. ती काय म्हणाली ते मला नंतर सांगण्यात आलं : "बेटाइम बिलास्टिंग कायले करून राहिले गा?" खाणीतला स्फोट त्या लोकांना आधी तळपायाला कळतो.

क्षणभर मला वाटलं, हेही सगळं ठरवून चाललं आहे. पण रांगोळी कोणाच्या कटात सामील होत नाही.

मी डब्यापाशी गेलो आणि त्यावर पंजा ठेवला. तार छेडली. डब्याने हाताला धक्का दिला, कोपरापर्यंत. पुन्हा छेडली. माझाच सूर होता, अचूक, भरपूर. हातात होता. कानात नव्हता.

मिथुन धावत येऊन पट्टी खाली ओढून गेला. नीतूने माझा पंजा डब्यावरून काढून आपल्या हातात घेतला आणि कानाशी येऊन विचारलं, "आता पटलं का जी?"

मी म्हटलं, "केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून. टीवी पाहा ना घरचा. गुणाबाई आपल्या घरी बसून आपला टीवी आयकते."

भोजराज आणि कुलदीप समोर उभे होते, चोरी पकडल्यासारखे. खरं तर पकडलीच होती. बटण तेच उतरवत होते. माझ्या सातने कुलदीपचे दात हलत, असं त्याचं म्हणणं.

"मग टिकली?" मी विचारलं. "ती कशी काढली?"

"नाई काढली, भाऊ," कुलदीप म्हणाला. "टिकली पायली आन् समजलं का तुमाले डाऊट आला. मंग बटनाले हात नाई लावला. दुकानातून कापूस आनला."

"सांगायचं होतं मला."

"कसं सांगाव जी? तुमी आमच्याहून मोठे. आन् सांगतलं असतं त पेपरात टाकलं असतं तुमी."

मी गिटार काढून कुलदीपसमोर धरली. म्हटलं, डाव्या हाताने काढून घे, मी नीतूजवळ प्रेक्षकांत बसतो.

त्याने गिटार घेतली नाही. "हात बराबर हाये तुमचा. तालावर एकडाव बी नाई चुकले. आवाजाचं मिथुनवर सोडा. माहा डावा हात मी मांगं ठेवतो."

आणि त्याने खरंच ठेवला. संध्याकाळी, सगळ्या कॉलनीसमोर, पाठीमागे, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मी खुर्ची मागितली. खुर्चीत बसून गिटारच्या शिंगाला जबडा टेकवला आणि सुरुवातीच्या देवीच्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत तो काढला नाही. हाडातून सगळं ऐकू येत होतं, आणि बाहेर किती जातंय ते मला माहीत नव्हतं. ते मिथुनला माहीत होतं. असं दुसऱ्याच्या भरवशावर वाजवणं फार अवघड आहे. मला तर त्यापेक्षा पाणिनी सोपा गेला होता.

कार्यक्रम संपल्यावर साबणवाला माणूस, आता दोन्ही गाल स्वच्छ, भोजराजला म्हणाला, "बाकी मस्त. पण तुमचे पत्रकार साहेब झोपले होते जी."

७ ऑक्टोबर

भंडाऱ्याला कानाचे डॉक्टर. त्यांनी लोखंडी चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवला. घंटा! मी म्हटलं, ही तर आमची युक्ती. डॉक्टर म्हणाले, आतली नस चांगली आहे, बारीक हाडं अडकून बसली आहेत. आधी खालचे सूर जातात. घरघर कानातलीच. गोंगाटात चांगलं ऐकू येणं हेही त्यातलंच लक्षण. नागपूरला शस्त्रक्रिया होते. गुण येईलच असं नाही, पण येतो. दिवाळीनंतर बघू.

"घरात आणखी कोणाला होतं?"

"नाही," म्हणालो. फाटकापर्यंत आलो, आणि नीतूला थांबायला सांगून परत आत गेलो.

आईला होतं. शेवटची काही वर्षं ती घरात कोणाशी धड बोलत नसे. विचारलं तर मान फिरवायची. आठवडी बाजारात मात्र, त्या कोलाहलात, भाजीवालीशी हसून गप्पा मारायची. आम्ही तिला मानी म्हणायचो. आम्हाला वाटायचं, तिचा राग फक्त घरच्यांवर आहे.

डॉक्टरांनी लिहून घेतलं : आईकडून.

९ ऑक्टोबर

पेपराला खुलासा पाठवला : 'डीपीची घरघर वार्ताहराच्या कानातील असल्याचे निष्पन्न.' संपादकांनी फोन केला, काहीतरी बोलले, बहुधा हसले. छापणार नाहीत. गुणाबाईंना मी घरी जाऊन सांगितलं. लाइनमनलाही सांगायचं आहे.

बासवाल्यांच्या गटावरही लिहिलं : स्वतःला कमी ऐकू येत असेल तर एकदा कान तपासून घ्या. धनीरामचं उत्तर आलं, "भाऊ, तुमाले बी कीबोर्डवाल्यानं फोडलं का?"

ॲम्प पुन्हा गोदामात नेला. आज तालमीला नीतूही आली. कपाळावरची टिकली काढून तिने चारच्या आकड्याशी लावली. "याच्या पुढं नाई."

वाजवलं. बास पोत्यातूनच येत होती. भोजराजच्या कानात कापूस नव्हता, कुलदीपच्याही नव्हता. त्यांच्या चेहऱ्यांवरून मी माझा आवाज मोजत होतो.

मध्येच बाहेर डीझेलचा ट्रॅक्टर आला, धान घेऊन. त्या धडधडाटात कुलदीप माझ्याकडे पाठ करून भोजराजला काहीतरी सांगत होता, आणि गोंगाट होता म्हणून मला सगळं लख्ख ऐकू आलं. तो म्हणत होता, "भाऊले सांगू नको, पण आज लय बरं वाजून राहिलं."

निघताना सगळे पुढे गेले. ॲम्प माझ्या मागेच होता. बटण टिकलीपाशीच आहे का, हे वाकून पाहता आलं असतं.

दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं.